चपट्या हायड्रोजनचं पान

सेमिनारमध्ये टोपॉलॉजी हा शब्द आला की मी वैतागायचो. प्रकाश आणि पदार्थ यांचा व्यवहार ऊर्जेचा, हे माझं पक्कं मत. फोटॉनची ऊर्जा पदार्थातल्या ऊर्जापट्ट्यांमधल्या अंतराला पुरली तर शोषण होणार, नाहीतर नाही. त्यात तरंगफलनाचा पीळ कशाला? २०१६ मध्ये थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना नोबेल मिळालं तेव्हाही, वीजवहनापुरतं ठीक आहे, म्हणालो. एका विद्यार्थिनीला तर हा विषय घेऊच नकोस असं सांगून परत पाठवलं.

मत बदललं ते मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका कपच्यामुळे. चिकटपट्टीनं सोललेला एकच थर, जाडी जेमतेम ०.६५ नॅनोमीटर. द्रव नायट्रोजननं थंड करून त्यावर ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर टाकला. वाटेतली क्वार्टर वेव्ह प्लेट फिरवून प्रकाश डाव्या वळणाचा केला, तर नमुन्यातून येणारा उजेडही डावाच जास्त. प्लेट उलट फिरवली, उत्तरही उलटलं. लेसरची ऊर्जा दोन्ही वेळा तीच! २०१२ मध्ये तीन गटांनी हेच छापलं होतं. मी वाचून बाजूला ठेवलं होतं. मग शेजारच्या दोन थरांच्या तुकड्यावर लेसर नेला. डाव्या-उजव्यातला फरक बराच ओसरला. तिथे माझा विरोध संपला.

एका थराला व्यस्त सममिती (केंद्रातून उलटवली तरी रचना तीच राहणं) नसते. त्याच्या ऊर्जेच्या दोन दऱ्या सारख्याच खोल, पण त्यांतली बेरी वक्रता, म्हणजे तरंगफलनाच्या त्या पिळाचं माप, विरुद्ध चिन्हांची. म्हणून एक दरी डावा प्रकाश घेते, दुसरी उजवा. दोन थर एकावर एक बसले की ती सममिती परत येते, म्हणून तिथे फरक ओसरला. (काटेकोरपणे ही टोपॉलॉजीपेक्षा भूमिती; दोन्ही दऱ्यांतल्या वक्रतेची बेरीज शून्यच होते.)

मग २०१५ चे सिद्धान्तलेख पुन्हा काढले. बेरी वक्रतेमुळे एक्सायटॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांच्या बांधलेल्या जोडीच्या) २पी पातळ्या फुटतात, असं त्यांत मांडलं आहे. मी मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर एक्सायटॉन म्हणजे चपटा हायड्रोजन असं लिहीत आलो. त्या हिशेबात डावीकडे आणि उजवीकडे फिरणाऱ्या अवस्थांची ऊर्जा एकच.

सगळ्यात जास्त लागलं ते भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांचं काम. ध्रुवीकरण फेरी मारून मूळ अवस्थेत आलं तरी प्रकाशात त्या फेरीची कला (फेज) शिल्लक राहते, हे त्यांनी बंगळुरात १९५६ मध्येच दाखवलं. ही वक्रता ज्यांच्या नावाची, त्या बेरी यांच्या अशाच कलेवरच्या लेखाच्या २८ वर्षं आधी. आणि मी प्रकाशशास्त्र शिकवत होतो.

त्या विद्यार्थिनीची मी माफी मागितली आहे. माझ्या वर्गात बसलेल्या बाकीच्यांना विनंती: वहीतलं चपट्या हायड्रोजनचं पान काढा आणि त्यात बेरी वक्रतेचं पद घाला.