आमचा गोंगाट

आमच्या परिचयाची मंडळी आम्हांला गंभीर प्रकृतीचे गृहस्थ समजतात. वकिलीचा पेशा, चाळिशी उलटलेले वय, सोमवारचा उपवास आणि बैठकीत मंगेशाची तसबीर, एवढ्या पुराव्यावर कोणीही हेच अनुमान काढील. म्हणून आज वाचकांपुढे एक कबुलीजबाब देणे आम्हांस भाग आहे. गेली तीस वर्षे आम्ही इंग्रजी रॉक संगीत ऐकत आलो आहो. विजेच्या गिटारी, धडधडणारे ढोल आणि वरच्या पट्टीतील गाणे, तेच ते संगीत. इतकेच नव्हे, तर आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षी त्यानेच आम्हांला हात दिला.

आमचे वास्तव्य मंचेरियल येथे. गोदावरीच्या काठचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे हे स्थानक. भोवताली सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी. आमचे तीर्थरूप गोव्याहून येथे एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून आले आणि येथलेच झाले. घरात कोकणी, बाजारात तेलुगू, आणि शिक्षण चंद्रपूर-नागपुरास झाल्यामुळे लिहावयास मराठी, असा आमचा संसार तीन भाषांत चालतो.

आम्ही शाळकरी असताना मुंबईचा आतेभाऊ सुटीत आला आणि जाताना कॅसेटांची एक पिशवी मागे ठेवून गेला. बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन अशी नावे आम्ही त्या पिशवीतच प्रथम वाचली. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे आतेभावाने सांगितले तेव्हा तर आमची छाती उगाचच फुगली. फीत गुंतली की पेन्सिलीने गुंडाळावी आणि पुन्हा लावावी, हा आमचा उद्योग. तीर्थरूप हिशेबाच्या वह्यांतून मान वर करून एकच शब्द म्हणत : "गोंगाट!" आम्ही आवाज कमी करीत असू.

२०२० सालचा मार्च महिना उजाडला आणि न्यायालयाची दारे बंद झाली. २३ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन, १५ मार्चपासून सर्व दाव्यांची व अपिलांची मुदत थांबविली. पुढे ती सवलत २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. पक्षकारांना हा मोठाच दिलासा होता. परंतु घरभाडे, औषधे आणि मुलांची फी यांना मुदतीचा कायदा लागू नसतो. दुसरी नोकरी धरावी, तर वकिलाला सनद राखून पगारी नोकरी करता येत नाही. येथे वकिलाच्या कारकुनास गुमास्ता म्हणतात. आमच्या गुमास्त्याला आम्ही प्रथम पूर्ण, मग अर्धा पगार दिला, आणि जुलै महिन्यात त्याच्यापुढे रिकाम्या हाताने उभे राहिलो. तो काही बोलला नाही. ते न बोलणे आजही आमच्या कानांत आहे.

त्यातच तीर्थरूपांचे हृदय दुबळे झाले. रात्री त्यांच्या उशाशी कोणी तरी जागे असावे लागे. ते काम आम्ही पत्करले. दिवसा आम्हांला होते तरी काय? प्रवासी गाड्या बंद होत्या, पण कोळशाच्या मालगाड्या रात्रभर जात. त्यांचा खडखडाट आणि वडिलांचा श्वास, एवढेच दोन आवाज.

अशा वेळी भजन ऐकावे, हे कोणीही सांगेल. आम्हीही तेच प्रथम केले. पण भजन म्हणजे चौघांचे काम. टाळ धरणारा एक, ध्रुपद उचलणारे दोघे-तिघे, आणि शेवटी प्रसाद वाटणारी कोणाची तरी आई. देवळांची दारे बंद झालेली, मंडळी आपापल्या घरी कोंडलेली. भजन लावले की ते सारे चेहरे समोर येत आणि मन अधिकच रिकामे होई. शेवटी एका रात्री आम्ही मोबाइलवर ते जुने गोंगाट शोधून काढले. एका कानात गाणे, दुसरा कान वडिलांच्या श्वासाकडे. आवाज अगदी हळू. त्या रात्री, कित्येक आठवड्यांनंतर प्रथमच, आम्ही पैशांचा विचार न करता एक तास बसलो. आपल्याला आनंद होत आहे हे लक्षात आले आणि लाजही वाटली. आजारी बापाच्या उशाशी बसून गाण्याचा आनंद लुटणे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

चार-पाच दिवसांनी तीर्थरूपांनी डोळे उघडून विचारले, "काय ऐकतोस?" आम्ही गडबडलो, मग दुसरी तार त्यांच्या कानात घातली. जॉर्ज हॅरिसनचे 'माय स्वीट लॉर्ड' चालू होते. १९७० सालच्या या गाण्यात पाठीमागचा गायकवृंद ख्रिस्ती स्तुतीपासून आरंभ करतो आणि हळूहळू हरे कृष्णाच्या नामघोषावर येतो. पुढे गुरुस्तुतीचा संस्कृत श्लोकही येतो. तीर्थरूपांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "हो तर भजन म्हणटा मरे!"

त्या रात्रीपासून ते आमचे श्रोते झाले. त्यांना गाण्यापेक्षा गाण्यामागच्या गोष्टी अधिक आवडत. हॅरिसनने 'हिअर कम्स द सन' हे गाणे १९६९ च्या वसंतात रचले, ते स्वतःच्या कंपनीतील बैठकी, सह्या आणि हिशेब यांना कंटाळून, एक दिवस दांडी मारून, एरिक क्लॅप्टन या मित्राच्या बागेत बसून. हे ऐकून तीर्थरूप बराच वेळ हसत राहिले. त्यांनी चाळीस वर्षे हिशेब लिहिले होते आणि एकदाही दांडी मारली नव्हती.

वकिलाच्या मुखी एक दावा आल्याशिवाय कसा राहील? 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल १९६३ सालच्या 'ही'ज सो फाइन' या गाण्याची आहे, असा दावा हॅरिसनवर अमेरिकेत झाला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतरचनाकार. १९७६ साली त्यांनी निर्णय दिला, की हॅरिसनने ती चाल बुद्धिपुरस्सर चोरली नाही. पूर्वी ऐकलेली ती त्याच्या अंतर्मनात होती आणि त्याच्या नकळत वर आली. तरीही तो जबाबदार ठरला. कायदा म्हणून हा निर्णय आम्ही फार पूर्वी वाचला होता. त्याचा अर्थ मात्र त्या रात्री कळला. लहानपणी कानावर पडलेला सूर आत कोठे तरी पडून राहतो. त्याला मुदतीचा कायदा नाही, आणि गरज पडली की तो आपणहून हजर होतो. कोणाच्या आत ओवी असते, कोणाच्या आत आरती. आमच्या आत, आतेभावाच्या कृपेने, हे दोन्ही होते आणि हा गोंगाटही होता.

संगीताने कर्ज फिटले नाही, हे सांगितलेच पाहिजे. आणि तीर्थरूपही त्या सप्टेंबरात गेले. गोव्याहून कोणी येऊ शकले नाही. गोदावरीवर आम्ही मोजकीच माणसे होतो. दहा दिवस सुतकात घर निःशब्द होते. मोबाइलला आम्ही हात लावला नाही. तेरावा झाला, आणि त्या संध्याकाळी आमच्या मातोश्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "तांगेलें भजन लाय रे."

आम्ही लावले. त्या उंबऱ्यावरच बसून ऐकत राहिल्या.

पुढे न्यायालये हळूहळू उघडली. गुमास्त्याची सारी बाकी आम्ही पुढल्या वर्षी दिवाळीपूर्वी फेडली आणि तो आजही आमच्याकडेच आहे. वाचकांस एवढीच विनंती, की घरातील एखाद्या पोराने असला गोंगाट लावलाच, तर आवाज कमी करावयास खुशाल सांगावे. बंद करावयास सांगू नये.