आपली जागा, शहराचें आकाश

आपल्या जागेवर आपण किती उंच बांधावें हें सांगणारा परका कोण? आमच्या वाड्याच्या जागीं खालीं दुकानें, मध्यें कचेऱ्या व वर बिऱ्हाडें अशी इमारत उठविण्याचा नकाशा अवाढव्य म्हणून नामंजूर झाला, तेव्हांपासून घरांतील तरुण मंडळी हाच प्रश्न विचारीत आहेत. ‘काका, कोर्टांत गेलेंच पाहिजे,’ असा त्यांचा आग्रह आहे.

या संबंधांत न्यूयॉर्कचा एक खटला बोधप्रद आहे. तेथील ग्रँड सेंट्रल हें भव्य रेल्वेस्थानक १९१३ सालीं उघडलें. त्याच्या माथ्यावर ५५ मजल्यांचा कचेऱ्यांचा मनोरा उभारण्याची पेन सेंट्रल कंपनीची इच्छा होती. पण तेथील स्मारकरक्षण मंडळानें १९६९ सालीं अनुमति नाकारली. मोबदल्यावांचून आपली मालमत्ता हिरावली, अशी तक्रार घेऊन कंपनी कोर्टांत गेली. पहिल्या न्यायालयांत तिची सरशी झाली, वरच्या न्यायालयांत ती हरली. अखेर १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ६ विरुद्ध ३ मतांनीं तिच्या विरुद्ध कौल दिला. स्थानकाचा चालू उपयोग अबाधित आहे, त्यावर वाजवी प्राप्ति होऊं शकते, आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या जागांवर नेतां येतो, ही न्यायमूर्ति ब्रेनन यांच्या निकालाची मुख्य कारणें होत. हक्क दुसरीकडे नेण्याची ही सोय पुढें मुंबईच्या १९९१ च्या विकासनियमांतही आली.

तथापि न्यायमूर्ति रेन्क्विस्ट यांच्या भिन्नमताचा रोंखही विसरतां येत नाहीं. लाभ सर्वांचा असतां भार मोजक्या मालकांनींच कां सोसावा? आमच्या धाकट्या वहिनींस वाड्यांतील वांट्याखेरीज दुसरा आधार नाहीं. त्यांस शहराच्या हिताचे पाठ देणें सोपें, पण न्यायाचें नव्हे.

उलटपक्षीं, आमच्या अरुंद बोळांत आगीचा बंब वळत नाहीं, आणि समोरच्या घरांत येणारा उजेड आमच्याच अंगणावरून जातो. त्या उजेडावर आमची मालकी आहे असें कोणतें कोर्ट म्हणेल?

म्हणून आम्हीं घरांत आमचें मत स्पष्ट सांगितलें आहे. कोर्टाची पायरी न चढतां मजले कमी करावे, नकाशा नव्यानें मांडावा. आणि जें उत्पन्न घटेल तें वहिनींच्या वांट्यांतून न कापतां आम्हीं सर्व भावांनीं वांटून सोसावें. मुलांस हें अद्याप पटलेलें नाहीं. परंतु शहरानें भार वांटून घ्यावा असें म्हणणाऱ्यांनीं तो आधीं घरांत वांटून दाखवावा, हें उचित नव्हे काय?