बिनआरशाचे दोन कॅमेरे

कॅमेरा विकत घ्यावा असें ज्याच्या मनांत येतें, तो मनुष्य प्रथम दुकानांत न जातां चार जाणत्यांकडे जातो. आणि ते चार जाणते त्यास सहा निरनिराळ्या गोष्टी सांगतात. शाळेच्या छायाचित्रांचें काम आमच्याकडे असल्यामुळें असे प्रश्न घेऊन विद्यार्थी व पालक आमच्याकडे नेहमीं येत असतात. प्रत्येकास उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षां एकदां सविस्तर लिहावें, अशी सूचना मुख्याध्यापकांनीं केली. यंदा त्यास आणखी एक निमित्त मिळालें. विद्यार्थ्यांच्या छायाचित्र-मंडळानें नाताळांतील विक्रींतून आणि वर्गणींतून थोडा पैसा जमविला असून त्यांतून एक कॅमेरा घेतां येईल. दुसरा घेतां येणार नाहीं. एकच घ्यावयाचा म्हटलें, कीं विचार आपोआप कसून होतो.

आमच्या हातीं दोन कॅमेरे पुष्कळ दिवस राहिले आहेत. सोनी कंपनीचा ए-६४०० हा आमचा स्वतःचा, आणि फुजीफिल्म कंपनीचा एक्स-टी-३० हा एका स्नेह्यांचा. परंतु आम्ही अदलाबदल इतक्या वेळां करतों, कीं कोणता कोणाचा हें आमच्या घरच्या मंडळींस नीटसें ठाऊक नाहीं. दोन्ही २०१९ सालच्या आरंभीं पाठोपाठ जाहीर झाले. भिंगावांचून दोहोंची मूळ किंमत अमेरिकेंत सुमारें ९०० डॉलर होती. वजनांतही फरक नांवाला. सोनी ४०३ ग्रॅम, फुजी ३८३. पुढें दोन्ही कंपन्यांनीं नवे कॅमेरे काढले, तरी छायाचित्र घेण्याच्या कामीं हे दोघे म्हातारे झाले आहेत असें आम्हांस वाटत नाहीं.

‘बिनआरशाचा’ म्हणजे काय, हें लहान वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. जुन्या धाटणीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें पंचेचाळीस अंशांत कललेला आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर फेंकतो, लोलकांतून फिरून तो प्रकाश आपल्या डोळ्यापर्यंत येतो, आणि चित्र घेण्याच्या क्षणीं आरसा खाडकन् वर उचलला जातो. ह्या उठबशीसाठीं भिंग व सेन्सर यांमध्यें बरेंच अंतर ठेवावें लागतें. कॅननच्या जुन्या पद्धतींत तें ४४ मिलिमीटर होतें. आरसाच काढून टाकला म्हणजे अंतर तुटतें. सोनीच्या पद्धतींत तें १८ मिलिमीटर आहे, व फुजीच्या पद्धतींत १७.७. पॅनासॉनिकचा जी-१ हा अशा घडणीचा कॅमेरा २००८ सालीं निघाला, आणि तेव्हांपासून खांद्यावरचें ओझें हलकें होत गेलें. तसें पाहिलें तर सामान्य माणसाच्या हातीं छायाचित्रण देण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. कोडॅकची ब्राउनी पेटी १९०० सालीं एका डॉलरास मिळे. आणि आपल्याकडील कित्येक घरांत आग्फा क्लिक अजूनही एखाद्या कपाटाच्या वरच्या फळीवर सांपडेल. आजोबांस विचारून पाहावें.

माणसांप्रमाणें यंत्रांतही कुळाचे गुण उतरतात, असें ह्या दोघांकडे पाहून म्हणावेंसें वाटतें. फुजी ही १९३४ सालीं फिल्म करण्यासाठीं स्थापन झालेली कंपनी. सोनीचा आरंभ १९४६ सालचा. टेपरेकॉर्डर आणि रेडिओ हीं तिचीं पहिलीं नांवारूपास आलेलीं कामें, आणि आजच्या तिच्या कॅमेऱ्यांमागें २००६ सालीं कोनिका-मिनोल्टाकडून घेतलेला व्यवसायही आहे. म्हणून कीं काय, सोनीच्या कॅमेऱ्याची बुद्धि विजेच्या यंत्राची आहे, आणि फुजीच्या कॅमेऱ्याची बुद्धि फिल्म धुणाऱ्याची.

धांवणारें मूल हातीं लागत नाहीं हा आयांचा अनुभव छायाचित्रकारासही येतो. तेथें सोनीची बरोबरी होत नाहीं. त्याच्या चौकटीच्या बहुतेक भागावर पसरलेले ४२५ बिंदु फोकस धरतात. एकदां डोळा ओळखला, कीं मूल वळो, वांको, दुसऱ्याच्या पाठीमागें जाऊन पुन्हां बाहेर येवो, तो त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. सेकंदास अकरा चित्रें तो घेतो. फुजी यांत्रिक शटरवर आठ घेतो. चेहरा व डोळा फुजीही ओळखतो, आणि बसलेल्या माणसाच्या बाबतींत तक्रारीस जागा ठेवीत नाहीं. परंतु शंभर यार्डांच्या शर्यतींत आम्ही सोनीच उचलतों. त्याची पकडही खोल आहे, आणि त्याचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यांत असल्यानें आपलें नाक पडद्यावर घासत नाहीं. शिवाय आपला अर्धा चेहरा समोरच्यास दिसत राहतो. लाजरीं मुलें त्यामुळें कमी बिचकतात, हें आमचें निरीक्षण आहे. त्याचा पडदा उलटून पूर्ण समोर येतो व स्वतःचें चित्र स्वतः पाहून घेतां येतें. मुलांना हाच गुण सर्वांत मोठा वाटतो! आम्हांस त्याचें फारसें कौतुक नाहीं.

आतां आम्ही ज्या गोष्टीकडे वळतों, ती आमच्या मतें सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि जाहिरातींत ती कोठें दिसत नाहीं. एके दिवशीं एक वृद्ध बाई नातवाचें नांव सांगत आमच्या खोलीवर आल्या. त्यांच्यापाशीं एका जुन्या अंकाचें पान होतें. वर्गाचें सामुदायिक चित्र. पांढरी भिंत, पांढरे सदरे, कडक ऊन. “मास्तर, ह्यांत आमचं पोरगं कंचं?” त्यांनीं विचारलें. मागच्या रांगेंतल्या आठ-दहा मुलांचे सदरे तेवढे स्पष्ट दिसत होते. चेहऱ्यांच्या जागीं काळोख होता. चित्र कोणीं काढलें होतें हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ज्या घरांत भिंतीवर टांगण्याजोगें मुलाचें एवढेंच एक चित्र असतें, त्या घराचा विचार छायाचित्रकारानें करावयास हवा, एवढेंच आम्ही म्हणतों.

असें होतें त्याचें कारण सोपें आहे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सारें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. समोर पांढरी भिंत आणि पांढरे गणवेश आले, कीं त्यास वाटतें उजेड फार झाला; तो चित्र काळें करतो, आणि भिंत करडी होतां होतां सांवळे चेहरे पार बुडतात. हें आजचें नाहीं. रंगीत फिल्मच्या काळांत छपाईचे रंग जुळविण्यासाठीं कोडॅक प्रयोगशाळांना जें नमुनाचित्र देत असे, त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे; त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या चेहऱ्यास जें मानवे, तेंच सर्वांस लागू होई. आजचे सेन्सर दोघांसही न्याय देऊं शकतात, पण प्रकाश किती घ्यावा हें सांगणारा मनुष्य लागतो. चेहरा ओळखून त्याप्रमाणें प्रकाश बेतण्याची सोय दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. तरी चाळीस मुलांच्या चित्रांत भिंतीचें पारडें जड होतें.

उपाय म्हणजे प्रकाश एक मात्रा वाढविणें; म्हणजे दुप्पट घेणें. येथें दोन कॅमेऱ्यांत खरा फरक पडतो. फुजीच्या माथ्यावर, उजव्या अंगठ्याखालीं, ह्याच कामासाठीं वेगळी चकती आहे. शून्यावरून एकावर फिरविली कीं झालें. आणि कॅमेरा बंद असतांनाही ती कोठें ठेविली आहे हें दिसतें. सोनींत मागील चाकाची खालची कड दाबावी, मग चाक फिरवावें, मग पडद्यावरचा आंकडा वाचावा. सवयीनें हें जमतें, आम्हांस जमलें आहे. पण सातवीच्या मुलास शिकवितांना दोन वाक्यांचें काम दहा वाक्यांचें होतें. शटरचा वेगही फुजीच्या चकतीवर आंकड्यांनीं कोरलेला आहे, आणि त्याच्या कांहीं भिंगांच्या कड्यावर छिद्राचे आंकडे आहेत. वेग, छिद्र, भरपाई हे तिन्ही शब्द मुलाच्या बोटांखालीं येतात. लहानग्यांच्या हातीं देतेवेळीं शटरच्या चकतीलगतची छोटी दांडी ‘ऑटो’वर ढकलावी, म्हणजे कॅमेरा स्वतःच सारें पाहून घेतो. दोष सांगावयाचा तर अंगठा टेकण्याच्या जागींच एक बटन बसविलें आहे. मोठ्या हाताच्या माणसाचा अंगठा त्यावर पडून नको असतां यादी उघडते. पकडही उथळ आहे.

मंद उजेडाचा प्रश्न नाताळच्या आदल्या रात्रीं आणि पावसाळ्यांतल्या वर्गांत येतो. भिंगाचा मुद्दा येथें कॅमेऱ्याहून मोठा आहे. सोनीबरोबर सामान्यतः मिळणारें १६-५० भिंग ११६ ग्रॅमचें. मिटलें म्हणजे खिशांत जातें, परंतु लांबच्या टोंकास त्याचें छिद्र ५.६ पर्यंतच उघडतें. फुजीचें १८-५५ भिंग ३१० ग्रॅमचें आहे, पण त्या टोंकास ४ पर्यंत उघडतें. म्हणजे दुप्पट उजेड. मेणबत्त्यांच्या प्रकाशांत दोन्हीं अपुरींच. तेथें ३५ मिलिमीटरचें स्थिर भिंग हवें: सोनीचें १.८ चें, किंवा फुजीचें २ चें. सोनीच्या ह्या भिंगांत हाताचा थरकांप सांवरण्याची सोय आहे, फुजीच्यांत नाहीं. आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या देहांतही नाहीं. स्थिर उभ्या असलेल्या गायकवृंदासाठीं हा सोनीचा लाभ मोठा आहे. हालणाऱ्या हातांसाठीं त्याचा उपयोग शून्य, कारण थरकांप कॅमेऱ्याचा सांवरतो, मुलांचा नव्हे.

वर्गांतील ट्यूबलाइटबद्दल एक सूचना करतों. प्रार्थनेच्या वेळीं आवाज नको म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांतील निःशब्द शटर वापरण्याचा मोह होतो. परंतु आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां हेलकावे घेते, आणि साध्या चोकची ट्यूब १०० वेळां मंदतेजाळ होते. निःशब्द शटर चित्र ओळीओळीनें वाचतें; त्यामुळें भिंतीवर आडवे काळे पट्टे उमटतात. तेथें यांत्रिक शटर वापरावें आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. किंचित् खट् असा आवाज होईल; देव रागावणार नाहीं.

रंगाविषयीं आमचें मत पक्षपाती ठरण्याचा संभव आहे. फुजीनें आपल्या जुन्या फिल्मांचे स्वभाव कॅमेऱ्यांत भरले आहेत; प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अॅस्टिया हीं नांवें फिल्म वापरलेल्यांस ओळखीचीं वाटतील. कृष्णधवल ‘अॅक्रॉस’ आम्हांस विशेष प्रिय आहे, कारण आमच्या अंकाचीं आंतलीं पानें एकाच शाईंत छापतात, आणि अॅक्रॉसमध्यें घेतलेलें चित्र त्या शाईंत बिघडत नाहीं. सोनीच्या चित्रांतही सर्व कांहीं असतें. पण तें बाहेर काढावयास संगणकापुढें बसावें लागतें. ज्यास ती आवड आहे त्यानें खुशाल बसावें. मंडळांतील मुलांच्या वाट्यास संगणकाचा आठवड्यांतून एकच तास येतो. चित्राच्या बारकाईचें म्हणाल, तर सोनीचे २४ आणि फुजीचे २६ दशलक्ष बिंदु यांवर वाद घालणें व्यर्थ आहे. इंचास ३०० बिंदु ह्या हिशेबानें सोनीचें चित्रही २० इंच रुंद छापतां येतें, आणि आमचें पान त्याच्या निम्म्याहूनही लहान.

बॅटरी दोघांची सारखीच अल्पायुषी. एकीवर चारशेंच्या आसपास चित्रें. दुसरी जवळ बाळगावी. फुजीस आजच्या बहुतेक फोनांची तार चालते, सोनीस जुनी बारीक तार लागते. पावसांत दोघांनाही नेऊं नये. विशेषतः कोंकणांत जाणाऱ्यांनीं भिंगें दमट कपाटांत कोंडूं नयेत. कांचेवर बुरशी धरते, व ती एकदां धरली कीं सहज सुटत नाहीं. सिलिकाच्या पुड्या घालून घट्ट झांकणाच्या डब्यांत तीं ठेवावींत.

“मग फोन काय वाईट?” असें पालक विचारतात. वाईट नाहीं. उजेडांत, जवळच्या माणसासाठीं, तो पुरेसा आहे, आणि जवळ असतो हा त्याचा गुण कोणासही नाकारतां येणार नाहीं. पण तो सर्व निर्णय स्वतः घेतो. मुलानें कांहीं ठरविण्यास त्यांत फारशी जागा उरत नाहीं.

घरांत लहान मूल असून एकच कॅमेरा घ्यावयाचा असेल, तर आम्ही पालकांस सोनी सुचवूं. मंडळासाठीं मात्र आम्हीं फुजीच्या बाजूनें मत दिलें आहे. वापरलेला पण नीट तपासलेला एक्स-टी-३० आणि २ छिद्राचें ३५ भिंग, एवढी यादी मंडळाच्या चिटणीसांनीं वहींत लिहून घेतली आहे. जादा बॅटरीसाठीं आणखी थोडी वर्गणी लागेल. त्या वृद्ध बाईंचा नातू आतां नववींत आहे व मंडळाचा सभासद आहे. वर्गांचीं सामुदायिक चित्रें जानेवारींत घ्यावयाचीं आहेत, तीं तो व त्याचे दोन सोबती घेतील. भरपाईची चकती एकावर ठेवून पांढऱ्या भिंतीपुढें त्यांचा सराव सध्यां चालू आहे. शर्यतींच्या दिवशीं आमचा सोनी घेऊन आम्ही मैदानावर असूंच.