उरलेली तीन मिनिटं

साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं मावतात. आमच्या घरातला गाण्यांचा सगळा संग्रह या हिशेबाने घडला.

ऐंशीच्या दशकात सांगलीत कॅसेट भरून देणारी दुकानं होती. वहीच्या पानावर यादी लिहून न्यायची, सोबत टीडीकेची नाहीतर मेल्ट्रॅकची कोरी कॅसेट द्यायची आणि दुकानदार सांगेल त्या दिवशी जाऊन भरलेली कॅसेट आणायची. यादी करायचे अण्णा. पाटाएवढी जागा घेऊन ते अंगणाकडच्या खोलीत बसत, जुन्या कॅसेटींवरून गाण्यांची लांबी घड्याळ लावून मोजत आणि बेरीज करत जात. सात-आठ गाणी बसली की बाजूच्या शेवटी हमखास तीनेक मिनिटं उरत. त्या तीन मिनिटांवर घरात मोठी चर्चा व्हायची. आईला तिथे वसंत प्रभूंचं काहीतरी हवं असे, आत्याला माणिक वर्मा. जागा रिकामी ठेवायची नाही आणि गाणं मधेच तुटू द्यायचं नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

आणि तीन मिनिटांत नेमकं मावणारं गाणं प्रत्येक वेळी मिळायचं. कारण ती गाणी तेवढ्याच जागेसाठी जन्माला आली होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण बसत असे. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मधे वाद्यांचे चार तुकडे, की तबकडी संपली. १९३०च्या दशकात ग. न. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता तबकडीवर गायली आणि भावगीत घरोघरी पोचलं, ते या तीन मिनिटांच्या मापातच. पुढे लाँगप्ले आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळू लागली, तरी भावगीताने आपलं माप फारसं बदललं नाही. मला यात त्या संगीतकारांची थोरवी दिसते. खळ्यांचं 'श्रावणात घननिळा' ऐकावं. एक कडवं झालं की पुढचं त्याच साच्यातून काढलंय असं होत नाही, चाल शब्दांमागून वळत जाते. एवढ्याशा वेळात एवढं सगळं मांडायचं, आणि कुठे घाई झाली असं वाटू द्यायचं नाही! आज गाण्याला वेळेचं बंधन उरलेलं नाही. सुरुवातीचं संगीतच कधीकधी मिनिटभर चालतं. ते ऐकताना मला अण्णांची बेरीज हटकून आठवते.

कॅसेट घरी आली की तिच्या डबीतल्या कार्डावर अण्णा स्वतः लिहीत. गाण्याचं नाव निळ्या शाईत, खाली लाल शाईत आधी कवी, मग संगीतकार, शेवटी गायक. क्रम ठरलेला होता. "ज्याने आधी लिहिलं त्याचं नाव आधी," असं ते म्हणत. आकाशवाणीवरचे निवेदकही तिन्ही नावं सांगितल्याशिवाय गाणं लावत नसत, त्यामुळे आम्हां भावंडांना गाणं आणि त्यामागची माणसं वेगळी करताच येत नव्हती. 'चाफा बोलेना'च्या खाली लाल अक्षरात नुसतं 'बी' लिहिलेलं होतं. हे कसलं नाव, म्हणून विचारलं तेव्हा नारायण मुरलीधर गुप्ते हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. 'ये रे घना'खाली आरती प्रभू. त्या कुणी बाई असाव्यात असं आम्ही बरेच दिवस धरून चाललो होतो. ते चिं. त्र्यं. खानोलकर, हे कळल्यावर माझी बहीण नगर वाचनालयातून त्यांचे कवितासंग्रह घेऊन आली, आणि जी कवितेकडे वळली ती वळलीच. मी म्हणेन, आमच्या घरात कविता कॅसेटच्या डबीतून आली.

गाण्यांचा शेजारही अण्णा असाच विचार करून ठरवत. एका बाजूवर सुधीर फडक्यांचं 'तोच चंद्रमा नभात', त्याला लागून किशोरीताईंचं 'जाईन विचारित रानफुला' आणि मग अरुण दाते यांचं 'असेन मी नसेन मी'. गळे तीन, चालीही तीन जणांच्या, बाबूजींची, हृदयनाथांची आणि यशवंत देवांची. पण शब्द तिन्हींचे शांताबाई शेळक्यांचे. ही बाजू कितीतरी महिने नुसती आवडीने ऐकल्यावर एके दिवशी कार्डावरची लाल ओळ ध्यानात आली आणि मी थक्क झाले. एकच बाई इतक्या वेगवेगळ्या मनांतून बोलते! तो शोध मला कुणी सांगून लागला नव्हता. अण्णांनी ती गाणी फक्त शेजारी ठेवली होती.

आता फोनवर तीच गाणी आहेत. आवाज स्वच्छ, टेप अडकायची भीती नाही, पेन्सिल घालून रीळ गुंडाळत बसणं नाही. पण पडद्यावर गायकाचा फोटो असतो, गाण्याचं नाव असतं, आणि कवी शोधावा लागतो. पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. मला नव्या काळात सलणारी गोष्ट हीच एक. गाण्यांचा शेजार मोडला याचं तितकं वाटत नाही, तो ज्याचा त्याने लावावा. कवीचं नाव गेलं की मात्र गाण्यातून पुस्तकाकडे जाणारी वाट बुजते. माझ्या भाचीला 'शुक्रतारा' अख्खं पाठ आहे, सुधा मल्होत्रांच्या जागांसकट. पाडगावकरांचं नाव तिने त्या गाण्याशी कधी जोडलेलं नव्हतं. चूक तिची नाही, तिला ते कुणी दाखवलंच नव्हतं.

आणि तरी या फोनने मला जे दिलं, ते अण्णांनाही मिळालं नसतं. गीतरामायण आमच्याकडे फक्त बाबूजींच्या आवाजात होतं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, दर आठवड्याला माडगूळकरांचं नवं गीत येत राहिलं, छप्पन्न गीतं झाली, आणि त्या मूळ प्रसारणात पात्रागणिक गायक वेगळे होते, हे आजी सांगायची. सीता गाणाऱ्या माणिकबाईंचा आवाज तिच्या मनात कायमचा बसला होता. आम्हाला तिच्या सांगण्यावरच समाधान मानावं लागे. आता त्या प्रसारणातल्या काही गीतांपर्यंत आपण घरबसल्या पोचू शकतो. जुन्या नाट्यपदांचंही तसंच. बालगंधर्वांची तबकडी ऐकायची तर पूर्वी कुणा संग्राहकाची ओळख काढून त्याच्या घरी जावं लागे. अशाच लोकांनी आपला ठेवा स्वतःच्या खर्चाने सर्वांसाठी खुला केला, म्हणून आज तो आपल्या कानांपर्यंत येतो. त्यांचे उपकार फार मोठे आहेत.

पण घरातल्या काही कॅसेटी कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत. प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबून अण्णांनी सांगली आकाशवाणीवरून घेतलेले कार्यक्रम त्यांत आहेत. आजूबाजूच्या गावांतले भजनी गायक, एक वयस्कर संवादिनीवादक, निवेदकाचं अर्धं राहिलेलं वाक्य. सध्या मी या कॅसेटी संगणकात उतरवते आहे. डेकला वायर जोडायची आणि कॅसेट चालू करायची, इतकंच काम. घाई करता येत नाही, नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं द्यावीच लागतात. भाची रविवारी मदतीला येते. प्रत्येक फाइलला नाव देताना कवी आधी, मग संगीतकार, मग गायक, हा क्रम तिने आपण होऊन धरलाय. जिथे कार्डावरची लाल शाई पुसली गेली आहे, तिथे ती आत्याला फोन लावते. आत्या पहिली ओळ ऐकते आणि तिन्ही नावं सांगते.