नळ कधी येतो?

पुसदहून बदली झाली आणि आम्ही यवतमाळात आर्णी रोडकडे किरायानं घर घेतलं. विजेचं आणि गॅसचं काम कागदांवर निभावलं. महावितरणच्या जुन्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो हाती आला की थकबाकी मोबाइलवरच कळते, आणि घरमालकाला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ती पाहून घ्यावीच. गॅसचं असं, की गाव सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर जपायचं. नव्या गावात त्यावर पुन्हा जोडणी मिळते.

पाण्याचं मात्र कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं. जोडणी घरमालकाच्या नावावर, बिल जीवन प्राधिकरणाचं. पण पाणी कोणत्या दिवशी येणार, किती वेळ टिकणार, वरच्या टाकीपर्यंत चढणार की अंगणातल्या खड्ड्यातच थांबणार, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक.

आमच्या घरापुढेही असा नळाचा खड्डा होता. वर फरशी, आत गुडघाभर खाली तोटी. दाब कमी असला की पाणी सखल जागी आधी येतं, म्हणून नळ जमिनीखाली उतरवलेला. आधी पाइपातून हवेचा फुसफुसाट, मग गढूळ पाणी. ते बादलीत धरून झाडांना घालायचं, मागून येणारी स्वच्छ धार पिण्याला. हे सगळं शेजारच्या काकूंनी सामान उतरत होतं त्याच संध्याकाळी फरशी सरकवून दाखवलं. ‘‘ड्रम आणले का? उद्या पहाटे नळ येते. पाइप नसंल तं आमचा घेऊन जा.’’ त्या एका वाक्यानं आमचं बिऱ्हाड खऱ्या अर्थानं लागलं.

या शहरानं पाण्याचे फार वाईट दिवस पाहिले आहेत. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि अख्खं यवतमाळ टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाचं पाणी शहरात आणण्यासाठी अमृत योजनेतून जलवाहिनी टाकली गेली. तरी घरोघरचे ड्रम कुणी काढलेले नाहीत. मे महिन्यात इथला कूलरच बादल्या-बादल्या पाणी पितो, त्यामुळे साठवण ही इथं सवय झाली आहे.

थेट नळाला टिल्लू पंप लावणं मला अन्यायाचंच वाटतं. एक घर ओढतं आणि गल्लीच्या टोकाच्या घरी तोटी कोरडी राहते. त्या टोकाच्या घरात बहुतेकदा नवखं माणूस असतं: मेडिकलला शिकणारी मुलगी, किंवा पोरांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेली आई. तिला काकू भेटल्या नाहीत तर ती पाणी येऊन गेल्यावर जागी होते आणि दिवसभर विकतचे कॅन आणते. रोजच्या गरजेची एवढी मोठी गोष्ट शेजाराच्या नशिबावर सोडणं मला पटत नाही.

म्हणून घरमालकांना माझी विनंती आहे. भाडेकरार करताना विजेच्या बिलासोबत नळाचा दिवस, वेळ आणि टाकीत किती लिटर पाणी मावतं तेही लिहून द्या. आणि तुमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड उतरलेलं दिसलं, तर त्याच संध्याकाळी जाऊन सांगा, नळ कधी येतो ते.