मेंढा-लेखाच्या जंगलात दोन दिवस

गडचिरोलीहून धानोऱ्याची एस.टी. सुटली की थोड्याच वेळात शेते मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना रान सुरू होते. साधारण ३० किलोमीटरवर मेंढा हे गोंड लोकांचे गाव आहे. शेजारी लेखा गाव असल्याने सारे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. घरे शंभराच्या आसपास. आम्ही उभयता चैत्रात तेथे दोन दिवस राहिलो.

पहाटे जाग आली तर घरात कोणी नाही! सारी मंडळी टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला गेलेली. आमच्या सौ. ही त्यांच्यात सामील झाल्या. झाडाखाली मोत्यासारखी फुले पडली होती. एक आजी म्हणाल्या, "पहाटेस वेचाचा, बाई. ऊन तापला का मग मजा नाही."

न्याहारीनंतर घरधन्यांनी जंगल दाखवले. साग, ऐन, तेंदू आणि जिकडे तिकडे बांबूची बेटे. एका बेटापाशी ते थांबले. "हा अवंदाचा बांबू. याले हात लावाचा नाही. मागच्या सालच्यालेही नाही. जुना तेवढा तोडाचा. कोवळा तोडला का बेटच संपला." आपण ऊस तोडताना खोडवा जपतो, तसेच हे. पण बांबू जपण्याचा आणि विकण्याचा हा हक्क गावाला सहजी मिळालेला नाही.

पूर्वी हा मुलूख जमीनदारीचा. १९५०च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारचे झाले. घरासाठी लाकूड, बांबू, गुरांना चराई असे निस्ताराचे हक्क कागदावर राहिले. पण प्रत्यक्षात ज्या रानात वाडवडील वाढले, तेथून बल्ली आणायची तरी चोरी ठरू लागली. दुसरीकडे बांबू ठेक्याने कागद गिरणीकडे जाई आणि खात्याच्या कूपात साग पडे. गावाने सागाचे खांब लावून घोटुल बांधले, ते वनखात्याने पाडले. तेव्हा आसपासच्या गावांनी एकत्र येऊन ते पुन्हा उभे केले. ऐंशीच्या दशकात धरणांना विरोध झाला, त्यातूनही माणसे जागी झाली होती.

"मावा नाटे मावा राज", म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा तेव्हापासूनची. देवाजी तोफा यांनी गावाला पुढे नेले आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासाची गोडी लावली. येथे कायदा कोणी येऊन समजावण्याची वाट पाहत नाहीत. अभ्यास गटात बसून स्वतः वाचतात. ग्रामसभेत बाया आणि पुरुष दोघेही बसतात, आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने होतो. एकाचे जरी मन वळले नाही तरी बैठक पुन्हा. वेळ जातो खरा, पण ठरले की कोणी मोडत नाही.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार एकर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या गावांत हे गाव होते. पण खरी कसोटी पुढेच होती. नव्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज होते, तर १९२७च्या जुन्या वन कायद्यात ते झाड धरलेले. गावाने बांबू विकायला काढला तर वाहतुकीचा परवाना मिळेना. धान्य आपले, पण मोंढ्यापर्यंत नेऊ देत नाहीत, असा प्रकार! गाव मागे हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

रात्री अंगणात बसलो असता आम्ही विचारले, "आता जंगल तुमचेच, मग जास्त तोडून जास्त पैसा का नाही करत?" घरधनी हसले. "चोरी होती तवा रात्री तोडत होतो, भाऊ. आता आमचाच झाला, तर तोडाले हात धजत नाही."

२०१३ मध्ये तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. जो कसतो तो कसतोच; पण जमीन परस्पर बाहेरच्याला विकता येत नाही.

परतीच्या गाडीत सौ. म्हणाल्या, "आपल्या गावची ग्रामसभा शेवटी कधी भरली हो?" मला आठवेना. वर्षातून सह्यांची वही घरोघरी फिरते, तेवढीच आमची ग्रामसभा. आमच्याकडेही गायरान आहे, तळे आहे, त्यावर अतिक्रमणही आहे. येत्या बैठकीला आम्ही दोघे जाणार आहोत. तुम्हीही आपल्या गावच्या बैठकीला जा, आणि घरच्या लक्ष्मीलाही बरोबर न्या.