सातवा क्रमांक

शर्यत म्हटली म्हणजे पहिला कोण आला एवढेंच विचारावयाचें, अशी लोकांची रीत आहे. दुसऱ्याचें नांव फार तर घटकाभर लक्षांत राहतें. तिसऱ्याचें राहिलें तर तें त्याचें भाग्य. आणि सातव्याचें नांव त्याच्या घरच्यांखेरीज कोणी घेत नाहीं. शाळेच्या निकालाच्या दिवशींहि आपण सर्वजण हीच रीत पाळतों. परंतु शेवटच्या शर्यतींत सातवा आलेला मुलगा संबंध स्पर्धेचा अजिंक्यवीर ठरला, आणि तोहि पूर्ण न्यायानें ठरला, असें आम्हीं २०२० सालीं प्रत्यक्ष पाहिलें. ती हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या आईबापांस सांगावी, असें बरेच दिवस मनांत होतें.

मोटारींच्या शर्यतीचा आम्हांस मूळचा नाद नाहीं. उगाच गरगर फिरणाऱ्या गाड्या आणि कानठळ्या बसविणारा आवाज, यांपलीकडे त्यांत कांहीं असेल असें आम्हांस वाटत नसे. आमच्या भाच्यास मात्र ह्या खेळाचें वेड होतें, व त्याचें कारण आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला. २०१९ सालीं फॉर्म्युला तीन नांवाच्या स्पर्धेंत हा तरुण तिसरा आला. त्याचे गुण १५७, आणि दुसऱ्याचे १५८! त्या एका गुणाची चुटपुट भाच्याच्या मनाला इतकी लागली, कीं पुढील वर्षीं दारूवाला वरच्या पायरीवर गेला तरी ह्यानें ती स्पर्धा सोडली नाहीं. २०२० सालीं साथीमुळें सर्वांस घरीं बसावें लागलें. आमची भगिनी आमच्याच इमारतींत वरच्या मजल्यावर राहते. तेव्हां शनिवार-रविवारीं भाचा आमच्याकडे येऊन बसूं लागला, आणि त्याच्या संगतीनें आम्हीहि प्रेक्षक झालों. त्यानें एक शंभर पानी वही केली होती. प्रत्येक शर्यतीनंतर कोणास किती गुण मिळाले, हें तो तींत नेमानें लिहीत असे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द. सर्वांत वरची पायरी फॉर्म्युला एक, तिच्या खालची दोन, आणि तिच्याहि खालची तीन. ह्या गाडींत एकच आसन असतें. वर छप्पर नाहीं, चाकें उघडीं, आणि चालक जवळजवळ पाठीवर निजल्यासारखा बसलेला. त्याच्या डोक्याचें रक्षण करण्यास टायटॅनियम धातूची एक कमान असते. २०२० सालीं दहा संघांच्या प्रत्येकीं तीन, अशा ३० गाड्या होत्या. मौज अशी, कीं सर्वांच्या गाड्या एकाच घडणीच्या: सांगाडा इटलींतील दल्लारा कारखान्याचा, इंजिन फ्रान्सांतील मेकाक्रोमचें, ३.४ लिटरचें व सुमारें ३८० अश्वशक्तीचें, आणि टायर पिरेलीचे. म्हणजे सर्व मुलांस प्रश्नपत्रिका एकच. फरक राहतो तो मुलांत आणि त्यांच्या गाड्यांची निगा राखणाऱ्या मंडळींत.

गुणांचा हिशेबहि समजून घेण्यासारखा आहे. दर आठवड्याच्या अखेरीस दोन शर्यती होत. शनिवारीं पहिल्यास २५ गुण आणि उतरत उतरत दहाव्यास एक. रविवारीं पहिल्यास १५ आणि दहाव्यास एक. शिवाय रविवारीं आदल्या दिवशींचे पहिले दहाजण उलट्या क्रमानें उभे राहत; शनिवारचा विजयी वीर रविवारीं दहाव्या जागेवरून निघे. त्यामुळें एक दिवस चमकून भागत नसे. ४ जुलैपासून १३ सप्टेंबरपर्यंत, अवघ्या बाहत्तर दिवसांत, नऊ फेऱ्यांतून अशा १८ शर्यती झाल्या.

त्यांत तीन मुलांकडे आमचें विशेष लक्ष लागलें. पहिला ऑस्कर पियास्त्री, ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नचा, वय १९. लहानपणींच आईबापांस दूर ठेवून तो इंग्लंडांत आला, आणि हेलीबरीच्या शाळेंत वसतिगृहांत राहून एकीकडे अभ्यास व एकीकडे शर्यती करीत राहिला. (एके काळीं कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं ज्या आवारांत शिकत, तेंच हें आवार.) दुसरा लोगन सार्जंट, अमेरिकेंतील फ्लॉरिडाचा, तोहि १९ वर्षांचा. हे दोघे प्रेमा ह्या एकाच इटालियन संघाचे. तिसरा फ्रान्सांतील ग्रास गांवचा तेओ पूरशेर. त्याचें वय अवघें १६, म्हणजे आमच्या भाच्याएवढेंच.

पहिलीच शर्यत पियास्त्रीनें जिंकली. ती ऑस्ट्रियांत झाली. मार्गाभोंवतालचे कट्टे साथीमुळें ओस होते. एवढा पराक्रम, पण टाळी वाजविणारें कोणी नाहीं, हें पाहून मन कसेंसेंच झालें. पुढच्याच आठवड्यांत, ११ जुलैस, त्याच मार्गावर पाऊस इतका कोसळला, कीं शर्यत मध्येंच थांबवावी लागली. ठरलेलें अंतर पुरें न झाल्यामुळें नियमाप्रमाणें सर्वांस निम्मे गुण देण्यांत आले. डेन्मार्कचा फ्रेडरिक वेस्टी पहिला आला होता. त्याच्या पदरांत २५ ऐवजीं साडेबारा पडले.

भाच्यानें हा आंकडा वहींत लिहिला आणि लेखणी खालीं ठेवली. तो कां गप्प झाला, हें आम्हांस कळलें. त्या वर्षीं मार्चमध्यें तो शालान्त परीक्षेस बसला होता. सर्व पेपर झाले, आणि शेवटचा भूगोलाचा तेवढा साथीमुळें आधीं पुढें ढकलला गेला व मग रद्द झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीनें द्यावयाचें ठरलें. भूगोल हा तर त्याचा सर्वांत आवडता विषय. नकाशे पाहतांना त्यास जेवणाची शुद्ध राहत नसे. त्यानें विचारलें, "मामा, ज्याची तयारी पुरी होती त्यालाहि निम्मे, आणि ज्याची नव्हती त्यालाहि निम्मे, हा न्याय कसा?" आम्ही म्हणालों, "न्याय पुरा नसेल. पण पाऊस कांहीं कोणा एकावर पडला नाहीं." हें उत्तर त्याला पटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तें आमचें आम्हांसहि अपुरें वाटलें.

२९ जुलैस शालान्त परीक्षेचा निकाल लागला. गुण चांगले होते. परंतु शिकवणीच्या वर्गांतील मुलांत त्याचा सातवा क्रमांक आला. त्याचे वडील सज्जन आणि कष्टाळू आहेत. मुलानें आपल्यापेक्षां वर जावें, ह्या एकाच इच्छेपायीं त्यांनीं आयुष्यभर काटकसर केली आहे. त्या दिवशीं त्यांच्या तोंडून एवढेंच निघालें, "सातवा क्रमांक म्हणजे कांहीं क्रमांक झाला काय?" त्यानंतर दोन आठवडे बापलेकांचें बोलणें कामापुरतेंच होतें. भूगोल घेऊन पुढें शिकण्याचा विषय तर मुलानें घरांत काढलाच नाहीं.

शर्यती मात्र चालूच होत्या. हंगेरी, इंग्लंड, स्पेन असा तो तांडा फिरत होता. आघाडी कधीं पियास्त्रीकडे, तर कधीं सार्जंटकडे. वेगाची परीक्षा घेऊन सर्वांत पुढें उभें राहण्याची जागा ठरवितात. तो मान पियास्त्रीस संबंध हंगामांत एकदांहि मिळाला नाहीं. त्याच्या गाडीच्या मागच्या पंखाचें यंत्र वारंवार दगा देई. तरी तो मागून निघे आणि जें हातीं लागेल तें गोळा करून आणी. इटलींतील मोंझा येथें शनिवारीं तो बराच मागून निघून तिसरा आला. वहींतील त्याच्या रकान्यांत मोठे आंकडे थोडे, पण लहान आंकडे पुष्कळ होते.

ऑगस्टच्या अखेरीस बेल्जममध्यें स्पा येथें शर्यत झाली, तेव्हां आमची भगिनीहि खालीं आली होती. बरोबर एक वर्षापूर्वीं, ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं, ह्याच मार्गावर फॉर्म्युला दोनच्या शर्यतींत आंत्वान उबेर हा २२ वर्षांचा फ्रेंच तरुण अपघातांत मरण पावला होता. ह्याच तिसऱ्या पायरीवरील पूर्वींच्या स्पर्धेचें, जीपी तीनचें, अजिंक्यपद त्यानें २०१८ सालीं मिळविलें होतें. भाच्यानें ही गोष्ट सांगितल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. पुढें म्हणाली, "ह्या मुलांच्या आया हें कसें पाहत असतील रे? त्यांना पहिला-दुसरा कांहीं दिसत नसेल. गाडी थांबली आणि लेकरूं आपल्या पायांनीं खालीं उतरलें, एवढेंच त्या बघत असतील." क्रमांकांच्या गडबडींत आम्ही मामाभाचे जें विसरलों होतों, तें तिनें एका वाक्यांत सांगितलें. तिचें बोलणें त्या मुलाचे वडीलहि दारांत उभे राहून ऐकत होते.

शेवटची फेरी इटलींतील मुजेल्लो येथें. तेथील शनिवारच्या शर्यतींत सार्जंट सहावा आला आणि पियास्त्री अकरावा. सार्जंटनें आठ गुणांची पिछाडी भरून काढली, व दोघांचे गुण १६० असे समसमान झाले. पूरशेर १५१ वर होता. रविवारीं, १३ सप्टेंबरला, आमच्या खोलींत सर्व घर जमलें होतें; भाच्याचे वडीलहि येऊन मागच्या खुर्चीवर बसले. सार्जंट पांचव्या जागेवरून निघाला, पियास्त्री अकराव्या. पारडें उघडच सार्जंटकडे झुकलेलें. पण पहिल्याच फेरींत दुसऱ्या एका गाडीशीं टक्कर होऊन सार्जंटची गाडी निकामी झाली. सतरा शर्यतींची सारी कमाई, आणि अठरावी एक फेरीदेखील पुरी चालली नाहीं! आमच्या खोलींत कोणी टाळी वाजविली नाहीं.

आतां पूरशेर पुढें सरकत तिसरा झाला. त्याचे १० गुण नक्की होत आले. पियास्त्रीला एकहि गुण मिळाला नसता तर अजिंक्यपद त्या मुलाचें होतें. पियास्त्री एकेक जागा मिळवीत सातव्या स्थानावर आला, आणि शेवटपर्यंत तेथेंच राहिला. सातव्यास चार गुण. शर्यत न्यूझीलंडच्या लियाम लॉसननें जिंकली, अजिंक्यपद पियास्त्रीनें. पियास्त्री १६४, पूरशेर १६१, सार्जंट १६०.

"पण हा तर सातवा आला! मग जिंकला कसा?" असें भाच्याच्या वडिलांनीं विचारलें. तेव्हां त्या मुलानें वही काढली, आणि ४ जुलैपासून एकेक शर्यत वाचून दाखविली. लॉसन आणि वेस्टी यांनीं प्रत्येकीं तीन शर्यती जिंकल्या, आणि पियास्त्रीनें दोनच; तरी वेस्टी १४६.५ गुणांवर चौथा, आणि लॉसन १४३ वर पांचवा. ज्या दिवशीं सर्व कांहीं बिनसलें त्या दिवशींहि पियास्त्री रिकाम्या हातानें क्वचितच परतला, हें त्या रकान्यांत डोळ्यांनीं दिसत होतें. वडिलांनीं वही हातांत घेतली, पानें उलटलीं, आणि विचारलें, "भूगोलाला पुढें काय काय असतें?" त्या प्रश्नाचें उत्तर त्या संध्याकाळीं पुष्कळ वेळ चाललें होतें. मुलानें पुढें भूगोलच घेतला.

येथेंच थांबून 'थेंबें थेंबें तळें सांचें' असा बोध काढणें सोपें आहे, आणि तो खोटाहि नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, तेवढ्यानें सार्जंटला न्याय मिळत नाहीं. त्यानेंहि थेंब थेंबच सांचविला होता. त्याचें तळें एका क्षणांत फुटलें. मेहनत आपल्या हातीं असते, शेवटचें वळण नेहमींच असतें असें नाहीं. पुढील वर्षांचा वृत्तांतहि हेंच सांगतो. पियास्त्रीनें २०२१ सालीं फॉर्म्युला दोन जिंकली, २०२३ सालीं तो फॉर्म्युला एकमध्यें मॅक्लारेन संघांत आला, आणि जुलै २०२४ मध्यें हंगेरींत तेथील आपली पहिली शर्यत जिंकला. सार्जंटहि २०२३ सालीं विल्यम्स संघांतून त्याच पायरीवर चढला, पण ऑगस्ट २०२४ मध्यें हंगामाच्या मध्येंच त्याची जागा गेली. आणि पूरशेर २०२३ सालीं फॉर्म्युला दोनचा अजिंक्यवीर होऊनहि २०२४ च्या हंगामांत त्याला वरच्या पायरीवर जागा मिळाली नाहीं. तीन गुणांनीं, चार गुणांनीं लावलेली ओळ पुढें कोणाच्या आयुष्यांत जशीच्या तशी राहिली नाहीं.

म्हणून मुलांस आमचें एवढेंच सांगणें आहे: ज्या दिवशीं पहिलें येणें शक्य नाहीं, त्या दिवशींहि सातव्या जागेसाठीं मन लावून झटा, ते चार गुण कोणत्या हिशेबांत उपयोगी पडतील हें आधीं कोणास कळत नाहीं. आणि आईबापांस नम्र विनंति: निकालाचा कागद हातीं आला म्हणजे त्यावरील शेवटचा आंकडा पाहण्यापूर्वीं मुलाची वही एकवार मागून घ्या, आणि पहिल्या पानापासून ती त्यालाच वाचून दाखवूं द्या.